कुणी वाचू नये असा अहवाल

४ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. तुझी आई गेल्यापासून तुला शिव्या घालायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि ते माझ्या हातून नेटाने होत नाही अशी रुखरुख लागून राहते. पण आज शिव्या नंतर, आधी काम.

आमच्या वसाहतीला नगरपालिकेचं पाणी नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्या काकांनी आणि त्यांच्या चार उत्साही मित्रांनी टेकडीवर बोअर पाडली, टाकी बांधली, घरोघर नळ नेले आणि त्याला ‘पाणी मंडळ’ असं भारदस्त नाव दिलं. ते चौघे गेले, काका गेले, मंडळ उरलं आणि सचिव म्हणून मी उरले. अध्यक्ष आहेत शिट्टीसाहेब. शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी गळ्यातली शिट्टी काही उतरलेली नाही. सभेत कुणी जास्त बोललं की फुंकतात.

आमचा नियम असा की वर्षातून एकदा पाणी तपासायला पाठवायचं आणि त्यात काय निघालं याचा अहवाल छापून प्रत्येक घरात द्यायचा. दरवर्षी मी अर्ध्या कागदावर लिहायची, ‘पाणी उत्तम आहे, नळ नीट बंद करावेत.’ यंदा मात्र प्रयोगशाळेने घात केला. पाण्यात नायट्रेट निघालं. वरच्या शेतांत मारलेलं खत झिरपून खाली येतं म्हणे. मर्यादा पंचेचाळीसची, आमचं एकसष्ट. वर पाणी खात्याचं फर्मान, की ही गोष्ट अहवालातून लोकांना कळवा.

आता महिनाअखेरीला आमची सभा आहे, आणि आमची लाइन आपल्या लाइनीला जोडून घ्यायला नगरपालिका टपून बसली आहे. त्यावर हात वर करून मतदान होणार. लोकांनी ‘एकसष्ट’ वाचलं की सगळे हात वर, टेकडीवरच्या बोअरला कुलूप आणि काकांच्या टाकीत कबुतरं. त्या बोअरला पाणी लागलं तेव्हा काका चिखलात नाचले होते रे. स्वतःच्या लग्नात हलला नव्हता तो माणूस.

तर तू औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ते कागद लिहितोस ना? जे उघडले की परत घडी पडत नाही आणि जे आजवर कुणी वाचलेले नाहीत? तसा अहवाल मला लिहून दे. खोटं एक अक्षर नको. मला खोटं चालत नाही. सगळं खरं लिही, फक्त कुणी वाचू नये.

प्रयोगशाळेचे कागद सोबत जोडले आहेत. फोन करू नकोस. फोन मंडळाच्या ऑफिसात आहे आणि तो शिट्टीसाहेब उचलतात.

तुझी,
मावशी

ता. क. शिव्या राहिल्या. लग्न कर.


१३ जानेवारी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. इतकी वर्षं पोटासाठी हे काम करतोय, पण माझ्या हुन्नराची अशी कदर घरातल्या कुणी प्रथमच केली. आई तर शेवटपर्यंत लोकांना सांगायची, मुलगा छापखान्यात आहे.

अहवाल सोबत पाठवतो आहे. चौदा पानं झाली. तुझ्या अर्ध्या कागदाची चौदा पानं करताना मला जे सुख झालं ते तुला समजणार नाही. त्यातली विद्या थोडी सांगतो, कारण ऑफिसात सांगायची सोय नाही. आकडा लपवायचा नसतो, मावशी. लपवला की लोक शोधतात. एकसष्ट एकटा उभा केला तर डोळ्यांत भरतो, म्हणून त्याच्याभोवती आणखी चाळीस आकडे उभे केले. पाण्याचा जडपणा, गढूळपणा, तापमान, टाकीची उंची, सगळं. पहिली तीन पानं मंडळाच्या इतिहासाला दिली. तिथेच निम्मे लोक झोपतात. चौथ्या पानापासून एकाही वाक्यात माणूस नाही. कुणी काही करत नाही, सगळं आपोआप ‘करण्यात येते’. ‘तथापि’ आणि ‘सदर’ हाताला लागतील तसे टाकले. काळजीचं जे काही आहे ते अकराव्या पानाच्या तळटिपेत, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. पण आहे सगळं. वकील लावला तरी एक ओळ खोटी निघणार नाही.

आता एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून सांगतो. नायट्रेट मोठ्या माणसांना सहसा काही करत नाही. पण बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते वाईट. सहा महिन्यांच्या आतलं बाळ वसाहतीत कुणाकडे असेल, तर तू स्वतः त्यांच्या घरी जाऊन तोंडाने सांग. एवढी माझी अट समज.

तुझा,
ठोंब्या

ता. क. लग्नाचं म्हणशील, तर एका मुलीला मी माझं काम काय ते सांगितलं. तिने ते पूर्ण ऐकलंसुद्धा नाही. म्हणजे कामात मी किती मुरलोय ते बघ.


२ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

जिंकलो! तुझ्या तोंडात साखर.

अहवाल घरोघर वाटला. बेकरीवालीने हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, ‘यंदा बराच अभ्यास केलेला दिसतोय.’ बस, एवढ्यावर तिचा अभ्यास संपला. सभेत शिट्टीसाहेबांनी तो डोक्याच्या वर धरला आणि भाषण ठोकलं की इतका सखोल, इतका पारदर्शक अहवाल मंडळाच्या इतिहासात झाला नाही. त्यांचा चष्मा घरी राहिला होता, हे मला ठाऊक होतं. मग त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? कुणी तोंड उघडायच्या आत शिट्टी वाजवली आणि अहवाल मंजूर.

नगरपालिकेच्या बाजूने तीन हात वर झाले. त्यातला एक पंपवाल्याचा होता आणि तो जांभई देत होता, म्हणून धरला नाही.

घरी येऊन काकांच्या फोटोपुढे उभी राहिले आणि म्हटलं, तुमची बोअर शाबूत आहे हो. मग थोडी रडले. मला कधी रडायला येतं आणि कधी नाही, याचा मला या वयात अंदाज राहिलेला नाही.

तुझ्या अटीचं म्हणशील, तर वसाहतीत सहा महिन्यांखालचं कुणी नाही. इथली पोरं मोठी होऊन शहरात गेली, ती बाळंतपणं तिकडेच उरकतात. सध्या आमच्यात सगळ्यात लहान शिट्टीसाहेब, अकलेने. तेव्हा निर्धास्त राहा.

चौदा पानं लिहिलीस, पण मंडळाच्या इतिहासात काकांच्या नावाआधी ‘कै.’ घालायला विसरलास. हे मला बेकरीवालीने दाखवलं. म्हणजे पहिलं पान तरी वाचलं गेलं.

तुझी,
मावशी


२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

विजयाबद्दल अभिनंदन. ‘कै.’बद्दल काकांची क्षमा मागतो.

खरं सांगू का, तुझं पत्र वाचून आधी खूप हसलो आणि मग जरा अस्वस्थ झालो. औषधाचे कागद लिहितो तेव्हा ते गिळणारा माणूस माझ्या ओळखीचा नसतो. तुमच्या वसाहतीतली निम्मी माणसं मला ओळखतात. बेकरीवालीने लहानपणी मला फुकट पाव दिलेले आहेत. तेव्हा पुढे काय करणार आहेस? पाणी गाळायचं मोठं यंत्र बसवता येतं, किंवा दुसरीकडे बोअर घेता येते. काहीतरी कर. अहवालाने वेळ मिळतो मावशी, पाणी बदलत नाही.

असो. उपदेश करायला लागलो की माझं नाक लाल होतं असं तू म्हणायचीस.

बरं, मला एक सांग, कुणी जेवायला आलं का?

तुझा,
ठोंब्या


१८ मार्च

प्रिय ठोंब्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, त्याला कारण आहे आणि ते कारण आत्ता माझ्या मांडीवर ढेकर देतंय. चिमी आली आहे! जावई बोटीवर गेले चार महिन्यांसाठी, तिला एकटीला बाळाचं उरकेना, म्हणून लेक आणि नात दोघी माझ्या पदरात. नात अडीच महिन्यांची आहे. चिमीने तिचं नाव काहीतरी फार सुंदर ठेवलंय, पण पोरीचा आकार बघता मी तिला ढमी म्हणते. चिमी चिडते. चिडू दे, माझं घर आहे.

चिमीला दूध पुरत नाही, त्यामुळे ढमी डब्याच्या दुधावर आहे. आता तू लगेच नाक लाल करशील, म्हणून आधीच सांगते, तुझी अट मी विसरलेले नाही. बाळाच्या पाण्याला मी स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नाही. सकाळी पातेलं चढवते आणि चांगलं खळखळा उकळते, पाच-दहा मिनिटं नव्हे, पार अर्धं होईपर्यंत! मग गाळते, झाकते, आणि तेच पाणी दुधाला. चिमी म्हणते, आई, गॅस किती जाळतेस? मी म्हटलं, तुझ्या मुलीसाठी मी गॅसचं दुकान जाळीन. मात्र एकसष्टाचं तिला काही बोलले नाही. उगाच घाबरायची, नाहीतर परत निघायची. आत्ता तर आली आहे.

पोर तशी गुणी आहे. अलीकडे जरा किरकिरते आणि दूध अर्धं सोडते. रंगाने उतरली आहे थोडी. ओठ आणि नखं काळपट दिसतात. मी चिमीला म्हटलं, हा जावयांच्या घराण्याचा रंग, आपल्याकडे असलं नाही. तर चिमी दोन तास बोलली नाही. सासरचा एवढा पुळका आलाय तिला.

यंत्राचं आणि नव्या बोअरचं बघू नंतर. आत्ता मला वेळ नाही, मी आजी आहे.

आणि जेवायला कोण येणार होतं? तुझं आपलं काहीतरीच.

तुझी,
मावशी


२२ मार्च

मावशी,

तू अहवाल वाचला नाहीस.

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि मी ऑफिसातून पळत जाऊन मंडळाच्या ऑफिसात फोन केला. शिट्टीसाहेबांनी उचलला. त्यांना मी सगळं सांगितलं. सगळं, मावशी. एकसष्ट, चौदा पानं, तू काय मागितलंस, मी काय लिहिलं. काही आडपडदा ठेवत बसायला वेळ नव्हता. त्यांनी फोन टेबलावर तसाच टाकला आणि मला फक्त पळण्याचा आवाज आला. आता मी बसून राहू शकत नाही म्हणून हे लिहितोय. हे तुझ्या हातात पडेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं असेल.

अकराव्या पानावरच्या तळटिपेत मी असं लिहिलं होतं: ‘तथापि, सदर घटकाच्या बाबतीत औष्णिक प्रक्रियेद्वारे प्रमाण घटणे संभवत नसून, बाष्पीभवनजन्य आकारमान-न्यूनतेच्या अनुषंगाने सापेक्ष संहती वृद्धिंगत होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

याचा अर्थ, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी उडून जातं आणि नायट्रेट मागे राहतं. अर्धं होईपर्यंत उकळलं की एकसष्टचं एकशेबावीस होतं. तू रोज सकाळी मायेने पातेलं चढवून ढमीला दुप्पट पाजत होतीस. आणि ओठ काळपट झालेत तो जावयाच्या घराण्याचा रंग नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं झालं की बाळ असं निळं-काळं पडतं. हेही तिथेच लिहिलंय, त्याच्या पुढच्या वाक्यात. ते वाक्य तर आणखी सुंदर आहे.

त्याच पानावर मी स्वतःच्या करमणुकीसाठी एक ओळ घातली होती. ‘येथवर वाचणाऱ्या सभासदांस सचिवांच्या घरी सहकुटुंब भोजनाचे निमंत्रण आहे.’ तू ती वाचून मला फाडून खाशील, अशी मी वाट बघत होतो. तू काहीच बोलली नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, तू मोठ्या मनाने सोडून दिलंस. तू कधी काही मोठ्या मनाने सोडलं आहेस का?

मी हे काम चांगलं करतो असं मला वाटायचं. लोकांना ते वाचता येऊ नये असं तूच म्हणालीस आणि मी तसं लिहिलं. आणि वाचायची ज्याला खरी गरज होती असं एकच घर त्या वसाहतीत होतं.

ढमीला दवाखान्यात ने. डॉक्टरांना ‘नायट्रेट’ हा शब्द सांग. लाजू नकोस, कुणाला भिऊ नकोस, फक्त हा शब्द सांग. मी उद्याच्या गाडीने येतोय.

ठोंब्या


२३ मार्च

श्री. ठोंब्या यांस,

स. न. वि. वि.

आपले खरे नाव विचारण्यास काल फोनवर सवड झाली नाही. सचिवबाई आपणांस ज्या नावाने संबोधतात तेच येथे वापरतो, राग नसावा. आपण आज येणारच आणि आपल्याकडची गाडी दुपारी पोहोचते, असे सचिवबाईंच्या कन्येने सांगितले. मी त्या वेळी दवाखान्यात नसेन, म्हणून हे पत्र परिचारिकेकडे ठेवीत आहे.

सर्वप्रथम, बालिका सुखरूप आहे. ही गोष्ट पत्राच्या शेवटी लिहिण्याचा माझा प्रघात होता, परंतु आपल्या अहवालाचा अनुभव ताजा असल्याने आधी लिहितो.

काल फोन ठेवला नाही, टाकला. त्यानंतर मी ऑफिसपासून सचिवबाईंच्या घरापर्यंत शिट्टी वाजवीत धावलो. माझे गुडघे त्या वयाचे राहिलेले नाहीत, परंतु शिट्टी आहे. बाई स्वयंपाकघरात पातेल्यापुढे उभ्या होत्या. मी ते पातेले उचलून मोरीत ओतले. हात पोळला. बाईंनी माझ्या अंगावर झारा उगारला व विचारले, ‘तुम्हाला वेड लागलंय का?’ मी म्हणालो, ‘बाई, उकळल्याने वाढते.’ त्यांना काही क्षण समजले नाही. नंतर समजले. तो चेहरा मी पुन्हा पाहू इच्छीत नाही.

पंपवाल्याच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. कन्येने वाटभर बाळ छातीशी धरले होते. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतले, ते तांबडे नव्हते, पिंगट होते. बाई पुढे होऊन म्हणाल्या, ‘नायट्रेट. आमच्या नळाचं. मी पाजलंय.’ त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा शब्द वेळेवर मिळाला म्हणून शोधाशोध वाचली. निळ्या पडलेल्या बाळांना त्या निळ्याच रंगाचे औषध देतात, हे मला कालच कळले. संध्याकाळपर्यंत ओठ गुलाबी झाले.

रात्रभर व्हरांड्यात बसून मी आपला अहवाल वाचला. चष्मा आणला होता. सभेत मी ज्याची एवढी स्तुती केली तो हा. अकराव्या पानावर पोहोचलो तेव्हा उजाडले होते. भोजनाचे निमंत्रण पाहिले. योग्य वेळी त्याचा लाभ घेईन.

कवायतीत एक नियम आहे, की पुढच्याचे पाऊल चुकले तर मागच्याने ओरडायचे असते. मी मागे उभा होतो आणि शिट्टी वाजवून लोकांना गप्प बसवीत होतो. याबद्दल मी मंडळापुढे काय ते बोलेनच. आपल्याविषयी माझे मत तूर्त चांगले नाही, परंतु आपण फोन केलात.

आपला,
अध्यक्ष, पाणी मंडळ


९ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

तू दोन दिवस राहिलास, पण तेव्हा आपण धड बोललो नाही. तू ढमीकडे बघत होतास आणि मी जमिनीकडे. म्हणून आता लिहिते.

ढमी ठणठणीत आहे. दूध ओढून पिते आणि झालं की बाटली फेकते. त्या निळ्या औषधाने तिची लंगोटं आठवडाभर हिरवी येत होती. मी ती धुऊन दोरीवर वाळत घातली, तर बेकरीवाली विचारते, ‘रंग कुठला वापरलात हो, छान बसलाय.’ मला हसू आलं आणि हसता हसता मी तिथेच दोरीखाली बसले. किती वेळ बसले होते कोण जाणे. बेकरीवालीने उरलेली लंगोटं वाळत घातली आणि काही न विचारता गेली.

चिमी माझ्याशी बोलत नाही. ढमीला मात्र अंघोळीच्या वेळी माझ्या मांडीवर आणून ठेवते आणि निघून जाते. तिला माझ्यावर ओरडायला सांगावंसं वाटतं, पण तेही मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी तिला सांगितलं नाही कारण ती परत जाईल अशी मला भीती वाटली. आणि वसाहतीत कुणाला सांगितलं नाही कारण काकांच्या टाकीत कबुतरं बसतील अशी भीती वाटली. बसू देत ती कबुतरं. काका असते तर त्यांनी स्वतः वर चढून टाकी फोडली असती. माणूस पाण्यावर जीव टाकत होता, पण ते कुणासाठी काढलंय हे त्याला ठाऊक होतं. ते माझ्याच डोक्यातून गेलं.

परवा खास सभा बोलावली. अकरावं पान मी स्वतः वाचून दाखवलं. तुझं ते ‘बाष्पीभवनजन्य’ वाचताना माझी जीभ दोनदा अडकली आणि लोक हसले. मग मी त्याचा अर्थ सांगितला. कुणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, ‘बाई, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवून वाचलं नाही.’ शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिट्टीसाहेब उठून म्हणाले की दोष त्यांचाही आहे, आणि गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. बेकरीवालीने ती परत त्यांच्या गळ्यात घातली. म्हणाली, धावताना लागली ना, मग असू द्या. बोलायला मात्र द्या लोकांना.

नगरपालिकेची लाइन जोडून घ्यायची ठरली. माझा हात सगळ्यांत आधी वर होता. तोवर बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी टाकीपाशी टँकरचं पाणी येईल. चौकशी केली तर कळलं की पंपवाल्याच्या सुनेला जुलैत बाळ होणार आहे. मी तुला फेब्रुवारीत छातीठोकपणे सांगितलं होतं ना, इथे कुणी नाही म्हणून?

मी राजीनामा दिला होता. लोकांनी तो घेतला नाही. दया म्हणून नव्हे. त्यांचं म्हणणं, आधी नीट अहवाल लिहून द्या, मग जा. म्हणून लिहिला. मी लिहिला, तुझी मदत नको. यातल्या एकाही शब्दाला तू हात लावायचा नाहीस. ‘तथापि’ तर मुळीच घालायचं नाही. आज सकाळी घरोघर जाऊन दिला, आणि प्रत्येक दारात उभी राहून मोठ्याने वाचला. खाली उतरवून देते आहे.

‘आपल्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट आहे. जेवढं चालतं त्यापेक्षा जास्त आहे.

मोठ्या माणसांना त्याने सहसा काही होत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला हे पाणी देऊ नका, त्याच्या दुधात घालू नका. उकळूनही देऊ नका. उकळल्याने ते जात नाही, वाढतं.

बाळाचे ओठ किंवा नखं काळपट दिसली तर लगेच दवाखान्यात न्या आणि नायट्रेट हा शब्द सांगा. पाणी टाकीपाशी मिळेल. तुम्हाला न्यायला जमत नसेल तर मला सांगा, मी आणून देईन.

मला हे जानेवारीपासून ठाऊक होतं. मी ते तुम्हाला अशा रीतीने कळवलं की तुम्हाला कळू नये. मार्चमध्ये एक बाळ त्याने आजारी पडलं. ते माझ्या घरचं होतं, म्हणून मी आज तुमच्या दारात उभी आहे. ते तुमच्या घरचं असतं तर मी आले असते की नाही, हे मला माहीत नाही.

– सचिव’